परत आलेला कोट

॥ श्री ॥

अहमदनगर
सोमवार, २ एप्रिल १९७३

प्रिय यज्ञेश्वर,

तुझं रजिस्टर पार्सल शनिवारी दुपारी पोचलं. पोस्टमनच्या समोरच उघडलं आणि आत काय आलं ते माझ्या सवयीप्रमाणे वहीत लिहून ठेवलं. राखी रंगाचा टेरिवूलचा कोट एक, बटणं सगळी शाबूत. तो गुंडाळायला वापरलेलं इंग्रजी वर्तमानपत्र एक. सुतळी चार हात. आणि सहा ओळींचं पत्र. पार्सलवर तिकिटं तीन रुपये चाळीस पैशांची. कोटाचं कापड पंच्याण्णव रुपयांचं, अस्तर चौदाचं, शिलाई काही नाही. का नाही ते पुढे येईल. सुतळी मी गुंडाळून खुंटीला लावली, वर्तमानपत्र फडताळात अंथरलं. पत्राचं काय करावं ते मात्र दोन दिवस सुचेना. त्याला घरात कुठे ठेवावं अशी जागाच सापडली नाही.

तुझ्या सहा ओळी तुलाच परत वाचून दाखवते, कारण लिहिल्यावर तू त्या वाचल्या असशील असं वाटत नाही. बाह्या मनगटाच्या दोन इंच वर राहतात. छातीवर बटण लागत नाही. डावा खांदा विचित्र उतरतो. गळा बंद केला आहे, मी उघड्या गळ्याचा आणि रुंद कॉलरचा सांगितला होता. मित्रांपुढे घालून पाहिला तर सगळे हसले. आणि सहावी ओळ, "तिसगावच्या मास्तरांना साधी मापं धाडता येत नसतील तर नवा सूट मिळेपर्यंत तिथीचा फेरविचार करावा लागेल, तसं तू त्यांना कळव."

तिथी म्हणजे तुझ्या लग्नाची. अक्षय तृतीयेनंतरचा रविवार. पाच आठवड्यांवर आलेली. नीलांबरीच्या घरी मुहूर्ताची हळद फुटून झाली, तिच्या मावशा जामखेडहून येऊन बसल्या आणि तिसगावात जिथे घागरभर पाण्यासाठी बाया पहाटेपासून टँकरची वाट बघतात, तिथे शेजाऱ्यांनी लग्नासाठी म्हणून आपापल्या वाट्याची एकेक घागर आताच बोलून ठेवली आहे. अशा घरी मी कळवायचं की मुलाच्या बाह्या आखूड झाल्या, सबब लग्न पुढे. आणि ते मी कळवायचं. तुझ्या हातून चार ओळी जास्त झाल्या असत्या तर बोटं झिजली असती.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. पार्सलात कोट आहे, पँट नाही. म्हणजे पँट बसली. घेरात बसली, लांबीत बसली, मांडीला बसली, म्हणून ठेवून घेतलीस आणि तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तेव्हा तिसगावच्या शिंप्याला शिवता येत नाही हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. राहिली मापं. ती मास्तरांनी घेतलेली नाहीत. ती मी घेतली आहेत, आपल्या घरी, माजघरात, दिवसाउजेडी, दीड तास खपून. त्यांत पाव इंचाचीही चूक नाही. मोहट्याच्या देवीची आण घेऊन सांगते.

तुला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुझा असा समज दिसतो की ज्या कार्डाबद्दल तू मला कधी बोलला नाहीस ते माझ्या दृष्टीला पडलेलं नाही.

माघातली गोष्ट. संकष्टीचा दिवस होता, मी दर्शनाहून येऊन पाय धुत होते, तर दारात तुझे होणारे सासरे, गुरुजी उभे. तिसगावहून सकाळच्या एसटीनं आले होते आणि माळीवाड्याच्या स्टँडवरून घरापर्यंत पायी. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. "विहीणबाई, यंदा आमच्याकडे एवढंच हिरवं आहे," म्हणाले आणि उंबऱ्याशी चप्पल काढून ती भिंतीला नीट सरळ लावून ठेवली. चहा झाला, तुझी खुशाली झाली, नागापूरला नवे कारखाने निघताहेत, यज्ञेश्वरला इथेच नोकरी मिळाली असती तर बरं झालं असतं, असंही झालं. तरी उठेनात. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. शेवटी तुझे नानाच म्हणाले, "काही काम काढलं होतंत का?" तेव्हा त्यांनी खिशातून तुझं कार्ड काढलं. ते त्यांनी वहीच्या दोन कागदांमध्ये घालून आणलं होतं, चुरगळू नये म्हणून.

कार्ड मी वाचलं. तुला टेरिवूलचा सूट हवा. रंग राखी, गळा उघडा, पँट खाली रुंद. लग्नात पुण्याचे मित्र येणार, साहेब येणार, तेव्हा हलकं कापड चालणार नाही. आणि मापं सोबत: उंची पाच फूट दहा, छाती बेचाळीस, कंबर अठ्ठावीस.

साखरपुड्याला याच गुरुजींना मी सगळ्यांच्या देखत काय म्हणाले होते ते तुला आठवतं का? "आम्हाला मुलगी आणि नारळ, यापलीकडे काही आणू नका." तू शेजारी पाटावर बसला होतास आणि मान डोलवली होतीस. माझा शब्द मी दिला आणि तू एका कार्डावर तो काढून घेतलास, तेही मला न विचारता. आणि गुरुजी तक्रार करायला आले नव्हते, हे लक्षात घे. कापड त्यांनी घेऊनसुद्धा ठेवलं होतं. त्यांची अडचण वेगळीच होती. ते कार्ड त्यांनी गोरक्ष शिंप्याला दाखवलं होतं आणि गोरक्ष म्हणाला होता, "गुरुजी, ह्या मापाचा मानूस मी तरी अजून पाह्यला न्हाई. छाती बेचाळीस आन् कंबर अठ्ठावीस? जावईबापू हायेत का मुंगळा?" हे सांगताना गुरुजींना हसू आलं, मग वाटलं असावं की आपण जावयाला हसलो, म्हणून लगेच म्हणाले, "लिहिताना आकडा इकडचा तिकडे झाला असेल. तेवढं विचारून घ्यावं म्हणून आलो." बावीस मैलांचा एसटीचा धक्का खाऊन तुझ्या फुशारकीवर पांघरूण घालायला आले होते रे ते.

आकडा कसा झाला ते मी सांगते. खोलीत आरशासमोर उभा राहिलास. छाती भरून श्वास घेतलास आणि फीत लावलीस. माणसानं स्वतःची छाती स्वतः मोजली की हात वर जातात, छाती फुगते आणि फीत पाठीवर घसरून कमरेकडे लोंबते. पुढून सरळ दिसते म्हणून आपण खूश. मग पोट आत घेऊन कंबर. आणि उंची? मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी मीच तुला चौकटीला उभा करून पेन्सिलीनं खूण केली होती. पाच फूट साडेसात. खूण अजून आहे. पिंपरीच्या कारखान्यात काय ऊस खायला घालतात की तिथे गेल्यावर अडीच इंच वाढलास? स्वतःच्या अंगाबद्दल खरं बोलायला ज्याला जमत नाही त्यानं दुसऱ्याच्या मापांना नावं ठेवू नयेत.

शिवणवर्गाला मी दोन वर्षं गेले ती तुझे शाळेचे सदरे घरी शिवता यावेत म्हणून. तिथल्या बाईंनी पहिला महिनाभर कात्रीला हात लावू दिला नव्हता, नुसती मापं. त्या म्हणायच्या, कापड चुकलं तर एक कापड जातं, माप चुकलं तर माणूस लाजतो. तेव्हा घरी माप घ्यायचं कसं ते लिहून ठेवते, तुझ्या हुशार मित्रांनाही वाचून दाखव. माप स्वतःचं स्वतः घेऊ नये. अंगात पातळ सदरा असावा, त्यावर काही नको, खिसे रिकामे हवेत. फीत आधी पारखून घ्यावी; आपली जुनी मी गुरुजींच्या पिशवीतल्या लाकडी फूटपट्टीवर धरून पाहिली तर फुटामागे पाव इंच ताणलेली निघाली, म्हणून तुझे नाना कोपऱ्यावरून नवी घेऊन आले. छातीची फीत काखेतून न्यायची, मागे पाठीच्या फऱ्यांवरून सपाट, आणि आत एक बोट जाईल एवढीच सैल. खांदा हाडापासून हाडापर्यंत. हाड सापडत नसेल तर हात वर करायला लावावा, जिथे खळगा पडतो तिथे हाड संपतं. तोही मानेच्या मणक्यापासून डावा वेगळा आणि उजवा वेगळा घ्यावा, कारण देवानं दोन खांदे सारखे दिलेला माणूस मी अजून पाहिला नाही. बाही हात सरळ सोडून कधी मोजू नये. कोपरात थोडा वाकवायचा, मग खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत. सरळ हाताची बाही घेतली की माणूस नमस्कार करायला गेला, बाही वर पळाली. प्रत्येक माप दोनदा, दोन्ही जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा, आणि तोंडानं म्हणून लगेच कागदावर.

आता पँट. तुझी मागच्या दिवाळीची पँट इथेच ट्रंकेत होती. ती खाटेवर पसरली, सुरकुत्या हातानं काढल्या, कमरेला सपाट मोजून दुप्पट केली, आतल्या शिवणीनं लांबी घेतली, मांडी आणि पाय घेतले, आणि मेसच्या जेवणानं सुटलेलं तुझं पोट फोटोत पाहिलं होतं म्हणून कमरेत दोन इंच वाढवले. छत्तीस. तू लिहिली होतीस अठ्ठावीस. छत्तीसची बसली ना? तू कबूल करणार नाहीस, पण परत न पाठवून कबूल केलंच आहेस.

राहिला कोट. कोट तुझा घरात नव्हता, मग माप कशावरून घ्यायचं? मी गुरुजींना म्हणाले, "मापाला माणूस लागतो. तुम्ही उभे राहा. फरक मी मनात धरते." ते संकोचले. म्हणाले, "मी कसा? जावईबापू उंच, भरदार." मी म्हटलं, "तेच ते. फरक मला ठाऊक आहे." फीत तुझ्या नानांच्या हातात दिली, कारण व्याह्यांच्या अंगाला मी हात लावणं बरं दिसलं नसतं. मी वाचायचं आणि लिहायचं. तुझे नाना मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेले. फीत अशी धरली की जसं काही कुणी बांध कोरला आहे आणि साक्षीदार समोर उभे आहेत. दोनदा ओरडले, "सरळ धरा!" आणि धरणारेही तेच होते.

गुरुजींनी खिसे रिकामे केले. डायरी, चष्म्याचं घर, खडूचे दोन तुकडे, शाळेत पोरांना दुष्काळाची सुकडी वाटतात तिची यादी. पण कोट काढीनात. तोच काळा कोट, साखरपुड्यातला. तुला आठवत असेल. नसेल आठवत तर आठवण करून देते. पंगतीआधी ओसरीवर तुम्ही चार मित्र उभे होता, आणि गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः तुमच्याकडे आले, तेव्हा बाही वर सरकली आणि त्यांचं मनगट उघडं पडलं. तू म्हणालास, "गुरुजी, एवढ्या उकाड्यात कोट? आणि हा कुणाचा मागून आणलात? तुमच्या मापाचा दिसत नाही." मित्र हसले. मी दाराआड पानं पुसत होते, मला सगळं ऐकू आलं. गुरुजीही हसले रे. म्हणाले, "थोरल्या बंधूंचा आहे. ते माझ्याहून लहान चणीचे होते." मग दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि पंगत उठेपर्यंत वाढायच्या वेळेखेरीज ते हात पुढे आलेले मी पाहिले नाहीत. तुझ्या तिथे असण्याची मला त्या दिवशी जी लाज वाटली ती मी कुणाला बोलले नाही. नीलांबरी माझ्या शेजारीच होती. तिनंही ऐकलं. ती खाली बघून पानं पुसत राहिली; एकच पान तिनं तीनदा पुसलं.

तर माघात आमच्या माजघरात तो कोट त्यांनी शेवटी काढला. काढून घडी घातली, आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. छाती घेताना मी म्हटलं, "गुरुजी, श्वास धरू नका, पाढा म्हणा." शिवणवर्गातली युक्ती आहे ती, बोलणाऱ्या माणसाला छाती फुगवता येत नाही. त्यांनी एकोणतीसचा पाढा काढला. एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, अगदी वर्गात म्हणतात तसा खणखणीत. छाती मिळाली तेहतीस. गळा चौदा. बाही साडेबावीस. मग पाठ. पाठीसाठी वळायला हवं. वळेनात. "अंदाजानं घ्या," म्हणाले. मी म्हटलं, "अंदाजाचा कोट आपल्याला शिवायचा नाही." पाढा थांबला. मग गुरुजी हळूच वळले.

सदऱ्याला पाठ नव्हती. म्हणजे होती, पण ती सदऱ्याची नव्हती. कॉलर आणि कफ फाटले की पाठीचं कापड काढून पुढे लावायचं आणि पाठीला जुन्या धोतराचा तुकडा जोडायचा, असं त्या सदऱ्याचं एकदा नव्हे, दोनदा झालेलं होतं. पुढून पाहिलं तर इस्त्रीचा पांढरा सदरा. पाठीवर जाळी. म्हणून तो माणूस वैशाखातही कोट काढत नाही. पगार वेळेवर होत असेल, नसेल. पण त्याच शाळेतली पोरं यंदा दुपारच्या सुकडीवर दिवस काढतात, आणि गोरक्षनंच पुढे मला कळवलं की ज्यांचे आईबाप खडी फोडायला लांबच्या कामावर गेले आहेत अशी पाच-सहा पोरं गुरुजींच्या पडवीत रात्री जेवतात. त्यांनी आम्हाला यातलं काही सांगितलं नाही. त्या उघड्या पाठीनं ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "एकोणतीस साते दोनशे तीन. घ्या, विहीणबाई."

मी पाठ घेतली. उजवा खांदा सव्वाआठ, डावा पावणेआठ, आणि अर्ध्या इंचानं उतरलेला. चाळीस वर्षं उजवा हात फळ्यावर वर करून झालेला तो फरक. दोनदा मोजला. तुझे नाना बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, म्हणाले धूळ गेली डोळ्यांत. माजघरात कुठली धूळ?

हे तुला सांगणार नव्हते. एखाद्या माणसाची पाठ त्यानं झाकून ठेवली असेल तर ती दुसऱ्याला दाखवायची नसते. पण तू सहा ओळी लिहिल्यास. त्यांतली एक अशी की बाह्या आखूड म्हणून मित्र हसले. हसले ना? साखरपुड्यातल्या ओसरीवरचेच मित्र ते. कसं वाटलं? हात मागे घेतलेस का?

कोट उसवून मोठा करून पाठव, असं मनात आणू नकोस. होणार नाही. शिवणीत माया सोडलेलीच नाही, एक सूतसुद्धा नाही. नको म्हणून मीच कळवलं होतं. कागदावर मी वर 'पँट' लिहून तुझी मापं लिहिली, खाली 'कोट' लिहून ती मापं लिहिली जी त्या दिवशी घेतली, आणि 'गळा बंद' असं लिहून खाली रेघ मारली. फरक मनात धरते म्हणाले होते. धरला नाही. तेवढं एक खोटं माझ्याकडून झालं. त्याबद्दल पाच गुरुवार निर्जळी केले, आज तरी ते देवाला पोचले असं वाटतं. गुरुजींनी कागद घडी करून डायरीत ठेवला, वाचलासुद्धा नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास. फाल्गुनात मला तिसगावहून एक कार्ड आलं, मोठ्या मोठ्या अक्षरांत. तसंच उतरवते. "बाईसाहेबांस गोरक्ष शिंपी याचा नमस्कार. कागद मिळाला. पँटची मापं ज्याची असतील त्याची असूंद्या. कोटाची मापं मी वळखली. हा उतरता खांदा मी वीस वर्सं शिवतो हाय. मला अक्षरं ह्याच हातानं शिकवली. गुरुजींना काय बोललो न्हाई. शिवू का नको ते कळवा." मी उलट कार्ड टाकलं, "शिवा." त्यानं शिवला, गुरुजींनी बिचाऱ्यांनी तो तुझा समजून, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठा घालून, तुला धाडला. आधी तुझ्याकडे जाऊ दिला तो मुद्दाम. एकदा तुझ्या अंगावर चढायला हवा होता. शिलाई गोरक्षनं घेतली नाही, पोरीच्या लग्नातला माझा आहेर म्हणाला. पँटची शिलाई बारा रुपये मात्र मोजून घेतली.

तर आता या पत्राचं कारण. तो कोट तुझा कधीच नव्हता, तो गुरुजींचा आहे, आणि मी तो इस्त्री करून, कडुलिंबाचा पाला घालून माझ्या ट्रंकेत ठेवला आहे. कापडाचे आणि अस्तराचे पैसे, विहीण म्हणून नेसायच्या माझ्या लुगड्यासाठी बाजूला काढले होते त्यातून, परवा पाडव्याला मनिऑर्डरनं त्यांना जातील. कूपनवर लिहिणार आहे की मुलाची मागणी रद्द समजावी, शब्द पहिलाच खरा. अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी मी आणि तुझे नाना तिसगावला जाणार, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. आलास तर व्याहीभेटीच्या वेळी सगळ्या मांडवासमोर हा कोट तू तुझ्या हातांनी गुरुजींच्या अंगात घालायचास. तुझे ते मित्रही असू देत. बाह्या मनगटाच्या हाडावर येतात की नाही ते पाहायचंस, डावा खांदा बसतो की नाही ते पाहायचंस, आणि बटणं खालपासून वरपर्यंत, गळ्याच्या बटणासकट, तूच लावायचीस. मग खाली वाकायचंस. तू धोतर-उपरण्यात असशील. तुला ती पँट घालायची असली तर परत येताना एसटीत घाल. नाही आलास तर कोट तुझे नाना घालतील, आणि तिथून पुढे त्या मुलीला दुसरं स्थळ शोधायला मीच चार गावं पायी फिरेन, तुझं नाव न घेता. सोबत एक कोरं कार्ड ठेवलं आहे. पत्ता मी घालून ठेवला आहे. तो माझाही नाही आणि गुरुजींचाही नाही, नीलांबरीचा आहे. तिला वाचता येतं. येणार की नाही, ते तिला एका ओळीत, छाती न फुगवता लिही, आणि उलट टपाली कळव.

अजून तरी तुझीच,
आई